मधलं चित्र

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोबाइल उंचावलेले असतात. सात उंच काठ्या, खाली पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि काठी जरा कलली की गर्दीतून उठणारं 'हर्र बोला हर्र'. घरी येऊन तोच व्हिडिओ बोटाने एकेक फ्रेम सरकवत पाहावा. काठी डावीकडे जास्तीत जास्त कललेली एक फ्रेम सापडते, उजवीकडे कललेली एक सापडते. बरा हात असलेला कुणीही ही दोन चित्रं काढेल. त्यांच्या मधली सात काढायला बसलं की मात्र पेन्सिल अडते.

अॅनिमेशनवाले या टोकाच्या चित्रांना 'की' म्हणतात. त्यांच्यामधला, हालचालीची दिशा ठरवणारा टप्पा म्हणजे 'ब्रेकडाउन', आणि उरलेली सगळी 'इन-बिटवीन'. मराठीत सरळ मधली चित्रं म्हणावं, भागतं. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. हाताने काढताना बहुधा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं आणि मिनिटाला ७२०. पाचशे कागदांचं रिम धरलं तर एका मिनिटाला जवळपास दीड रिम. त्यातल्या की थोड्या, मधली चित्रं ढीगभर. म्हणून स्टुडिओंमध्ये वाटणी अशी पडली की मुरलेला माणूस की काढणार आणि नवखा मधली. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ साली डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, तेव्हा हीच पद्धत आपल्याकडे रुजली. जपानमध्येही नवा माणूस बहुधा या चित्रांपासूनच सुरुवात करतो. तिथे या चित्रांना 'दोगा' म्हणतात. या वाटणीमुळे एक गैरसमज मात्र घट्ट बसला, की मधलं चित्र म्हणजे हमाली: दोन रेघांच्या मधोमध तिसरी रेघ ओढायची, झालं. हा समज घेऊन जो बसतो त्याची काठी पहिल्याच दिवशी आखडते.

आखडते म्हणजे अक्षरशः आखडते. कागदावर १६ सेंमीची काठी काढा, बुंधा एका जागी पक्का ठेवा, ती डावीकडे ८ अंश आणि उजवीकडे ८ अंश कलवा. आता दोन्ही शेंड्यांच्या बरोबर मध्ये ठिपका द्या आणि बुंध्याला जोडा. ही मधली काठी १६ सेंमी भरत नाही, दीड मिमी कमी भरते. कारण शेंडा सरळ रेषेत जात नाही, कमानीवरून जातो, आणि आपण ठिपका कमानीखालच्या दोरीवर दिला. एकेका चित्रात दीड मिमी डोळ्यांत भरत नाही. पण चित्रं पळवली की काठी प्रत्येक हेलकाव्यात किंचित बुटकी होऊन पुन्हा वाढते, आणि पाहणाऱ्याला ती बांबूची न वाटता रबराची वाटते. हेच हाताच्या बाबतीत करून पाहा. खांद्यापासून १० सेंमीचा हात खालून ९० अंश उचलून समोर आणला, आणि मधलं चित्र सरळ मधोमध काढलं, तर तो हात ७ सेंमीचा होतो. तीन सेंमी हात गायब! शिकणाऱ्यांच्या चित्रांत हात हलताना जे आक्रसलेले दिसतात त्याचं कारण चित्रकला कच्ची हे नसतं. भूमिती विसरलेली असते. उपाय साधा: बुंध्यावर किंवा खांद्यावर कंपासचं टोक ठेवून फिकट निळ्या पेन्सिलीने कमान आधी मारायची आणि ठिपके तिच्यावरच द्यायचे. कंपास लाजेची गोष्ट नाही.

सामान फार लागत नाही, पण जे लागतं ते अचूक लागतं. प्रत्येक कागद पुन्हा पुन्हा त्याच जागी बसला पाहिजे, म्हणून पेग बार. स्टुडिओतला प्रमाण पेग बार तीन खुंट्यांचा: मध्ये पाव इंचाची गोल खुंटी, दोन बाजूंना चपट्या. गोल खुंटी कागदाची जागा धरते, चपट्या त्याला फिरू देत नाहीत. त्यावर बसणारा कागद साडेदहा बाय साडेबारा इंचांचा. सोलापुरात हे दोन्ही शोधत फिरण्यापेक्षा ऑफिसातलं साधं दोन भोकांचं पंचिंग मशीन घ्यावं. त्याची भोकं ६ मिमीची आणि एकमेकांपासून ८० मिमीवर असतात. प्लायच्या पट्टीला त्याच अंतरावर भोकं पाडून ६ मिमी सळईचे तुकडे बसवायचे, वर ८ मिमी दिसतील एवढे, आणि त्यांची टोकं घासून गोल करायची. ए-४ आकाराचा ७५ जीएसएमचा झेरॉक्सचा कागद चालतो. एका वेळी पाचच कागद पंच करावेत आणि कागदाची एकच बाजू दर वेळी मशीनच्या आडोशाला टेकवावी. वीस कागद एकदम दाबले की खालची भोकं सरकतात, आणि मग चित्र कितीही नेटकं असलं तरी पडद्यावर थरथरतं. गोल भोकांचा एक तोटा आहे: सारखं काढ-घाल करून ती लांबट होतात. की चित्रांचे कागद सगळ्यात जास्त वेळा चढतात-उतरतात, म्हणून निदान त्यांच्या भोकांवर आधीच पारदर्शक टेप लावून मग पंच करावं.

पट्टी कागदाच्या खालच्या कडेला असावी की वरच्या, यावर वाद आहे. जपानी लोक वर लावतात. हाताला खुंट्या टोचत नाहीत. शिकताना मात्र खाली लावावी असं माझं ठाम मत आहे, कारण कागद उलटून पाहणं तसं सोपं जातं, आणि उलटून पाहणं हीच या कामातली खरी मेहनत आहे.

ते असं. पेगवर सगळ्यात खाली १ क्रमांकाची की, तिच्यावर १७ क्रमांकाची की, आणि सगळ्यात वर कोरा कागद, ज्यावर ९ क्रमांकाचं चित्र यायचं आहे. डाव्या हाताने वरच्या कडा धरायच्या: कोरा कागद अंगठा आणि तर्जनीत, त्याखालची की तर्जनी आणि मधल्या बोटात. दोन्ही उचलले की १ दिसतं. दोन्ही खाली सोडले की ९ दिसतं. फक्त वरचा उचलला की १७ दिसतं. दोन्ही, काही नाही, एक. एक, नऊ, सतरा. याच तालात, न थांबता. पहिल्या दिवशी बोटं गोंधळतात, कागद चुरगळतो, दोनऐवजी एकच उचलला जातो. कोरे कागद घेऊन नुसता हाच सराव करावा, टीव्हीसमोर बसूनही होतो. उजव्या हातात पेन्सिल कायम राहिली पाहिजे. उलटायला ती खाली ठेवावी लागत असेल तर तुम्ही पुरेसं उलटत नाही.

आणि उलटताना लाइट बॉक्स, म्हणजे कागदाखालची दिव्याची पेटी, बंद. नवख्यांची ही सगळ्यात चिवट खोड: दिवा लावायचा तो काम संपेपर्यंत विझवायचाच नाही. खालून उजेड असला की तिन्ही चित्रं एकाच वेळी दिसतात, हालचाल दिसत नाही. दिवा ठिपके देण्यापुरता लावावा: शेंडा, बुंधा, मनगट, हनुवटी. मग विझवून निळ्या पेन्सिलीने ढोबळ आकार, मग उलटून तपासणं, मग पुन्हा दिवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना ट्यूबलाइटची जुनी पेटी मांडीवर घेऊन बसणं तसंही शिक्षाच आहे. एलईडीचं पातळ पॅड तापत नाही, आणि यूएसबीवर चालणारं असलं तर वीज गेल्यावर पॉवर बँकेवर चालतं. पंख्याचं काय करायचं? पंखा चालू ठेवला तर कागद उडतात, बंद केला तर घाम गळतो. तळहाताखाली टर्किश टॉवेलचा वीतभर तुकडा ठेवावा. आपल्या गावात त्याला काय तोटा. घाम टिपला जातो आणि पेन्सिलीचं काळं पसरत नाही.

आता टायमिंग चार्ट. की काढणारा माणूस कागदाच्या कडेला एक उभी रेघ मारतो, दोन टोकांना दोन कींचे आकडे लिहितो आणि मध्ये आडव्या खुणा करतो. प्रत्येक खूण म्हणजे एक चित्र. कीच्या आकड्याला गोल, ब्रेकडाउनच्या आकड्याखाली रेघ, बाकी आकडे नुसते. एक चित्र दोन फ्रेम धरायचं असल्याने आकडे विषम येतात: १, ३, ५, ७. काठीचा हेलकावा १ ते १७ मध्ये बसवू. एकूण १६ अंश. आधी ९, म्हणजे उभी काठी, ८ अंशांवर. मग १ आणि ९ च्या निम्म्यावर ७, म्हणजे ४ अंशांवर. १ आणि ७ च्या निम्म्यावर ५, २ अंशांवर. १ आणि ५ च्या निम्म्यावर ३, १ अंशावर. पलीकडे हेच उलटं: ११ बारा अंशांवर, १३ चौदावर, १५ पंधरावर. अंतरं झाली १, १, २, ४, ४, २, १, १. काठी टोकाशी रेंगाळते, मध्यावरून झपकन जाते. सारखी दोन-दोन अंशांची अंतरं ठेवली असती तर ती गाडीच्या वायपरसारखी हलली असती.

सगळं निम्म्या-निम्म्यानेच का? कारण माणसाच्या डोळ्याला निम्मं बरोबर कळतं, तिसरा हिस्सा कळत नाही. चार्टमध्ये तिसऱ्या हिश्श्याची खूण आली तर कमानीवर मोजून ठिपके द्यावेत, अंदाजाने कधीच नाही. आणि क्रम पाळावा: ९, मग ७, मग ५, मग ३. क्रमाने ३, ५, ७ असं काढत गेलं की प्रत्येक कागदाची बारीक चूक पुढच्यात जमा होते आणि ९ पर्यंत पोचता पोचता काठी भलत्याच जाडीची झालेली असते.

अंतरं आणि वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही याच काठीवर कळतं. १ पासून १७ पर्यंत १६ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दोन-तृतीयांश. एवढी उंच, जड काठी इतक्या घाईत हेलकावत नाही; पडद्यावर ती छडी वाटेल. चित्रं तीच ठेवून प्रत्येक तीन फ्रेम धरलं की बरोबर एक सेकंद होतो आणि काठीला वजन येतं. एकही रेघ नवी काढावी लागली नाही.

काठीच्या शेंड्याला कापड किंवा गोंडा बांधलेला काढला की वरचा चार्ट त्याला लागू होत नाही. काठी डावीकडून परतायला लागते, म्हणजे चित्र ३, तेव्हा गोंडा अजून डावीकडेच जात असतो. चित्र ९ ला काठीचा वेग सगळ्यात जास्त, म्हणून गोंडा तिथे सगळ्यात मागे ओढलेला. १७ ला काठी थांबते, गोंडा पुढे जाऊन दोन-तीन चित्रांनी परत येतो. कींमधल्या दोन गोंड्यांच्या मधोमध गोंडा काढला तर तो खिळ्याने ठोकल्यासारखा दिसतो. संगणकावरची आपोआप मधली चित्रं भरणारी सोय नेमकी इथेच आणि आखडणाऱ्या हातापाशीच फसते. तीही बहुधा बिंदूपासून बिंदूपर्यंत सरळ रेषेने जाते.

मान वळवणं हा याहून अवघड प्रकार. गांधी टोपी घातलेला म्हातारा डावीकडून उजवीकडे पाहतो. दोन्ही कींमध्ये चेहरा तीन-चतुर्थांश, म्हणजे ना पूर्ण समोर ना पूर्ण बाजूला. पहिल्या कीमध्ये एक कान दिसतो, दुसऱ्या कीमध्ये दुसरा. मधल्या चित्रात चेहरा समोर, म्हणजे दोन्ही कान दिसायला हवेत! दोन रेघांच्या मध्ये तिसरी ओढणाऱ्याला हा जास्तीचा कान कुठून मिळणार? टोपी तर आणखी छळते. तीन-चतुर्थांशात ती लांबट, होडीसारखी दिसते; दोन्ही कींमध्ये रुंदी समजा ५ सेंमी. समोरून पाहिलं की ती अरुंद, उभट होते, साडेतीन सेंमी. पाच आणि पाच यांच्या मध्ये साडेतीन! इथे खरी टोपी घेऊन आरशासमोर बसावं, दुसरा मार्ग नाही. नाक सगळ्यात पुढे असल्याने ते सगळ्यात जास्त अंतर कापतं, डोळे त्याहून कमी. सगळं सारख्या अंतराने सरकवलं तर चेहरा वळत नाही, डोक्यावर चिकटवलेल्या कागदासारखा घसरतो. शिवाय मान वळताना डोकं मध्यावर थोडं खाली झुकतं. ८ सेंमीच्या डोक्याला तीन-चार मिमी पुरतात. त्याच चित्रात पापण्या मिटवल्या तर वळणं जिवंत वाटतं. दोन्ही गोष्टी कींमध्ये कुठेच नसतात, ब्रेकडाउनमध्येच येतात.

आकार न बदलता नुसता सरकणारा भाग असेल, जसा चालत्या माणसाच्या फेट्याचा गुंतागुंतीचा पीळ, तर दर वेळी नव्याने काढत बसू नये. दोन्ही कींचे कागद पेगवरून काढायचे, दिव्यावर असे सरकवायचे की दोन्ही फेटे एकमेकांवर नेमके बसतील, आणि टेपने चिकटवायचे. कागदांची भोकं अर्थातच आता जुळत नाहीत. कोरा कागद वर असा ठेवायचा की त्याची भोकं त्या दोन्हींच्या भोकांच्या बरोबर मध्ये येतील. मग फेटा गिरवायचा. कोरा कागद पेगवर चढवला की फेटा आपोआप मधल्या जागी. हालचाल कमानीतून असेल तर भोकं मध्यापासून तेवढीच वर किंवा खाली सरकवायची. इथली नेहमीची चूक म्हणजे भोकं जुळवताना फक्त डावं भोक पाहणं. उजवं तिरकं राहतं आणि फेटा कलतो.

वेगाच्या कामात मधली चित्रं कमी लागतात, हे पचायला जड जातं. यंत्रमागावर मिनिटाला १२० फेरे धरले तर एका फेऱ्याला १२ फ्रेम मिळतात, आणि धोटा प्रत्यक्ष उडत असतो त्यातल्या थोड्याच. तिथे लांबट ओढलेल्या धोट्याचं एक चित्र पुरतं. चार काढली तर माग संथ वाटतो.

भाकरी थापण्याचंही तेच. थाप सेकंदाला तीन धरल्या तर एका थापेला ८ फ्रेम, दोन-दोनने चार चित्रं. हात वर, हात येताना, हात पिठावर, हात सुटताना. नवखा माणूस हात येतानाचं चित्र पिठापासून दोन मिमीवर काढतो, कारण त्याला नुकतंच टोकाशी रेंगाळायला शिकवलेलं असतं. थाप मग थाप राहत नाही, हात अलगद टेकतो. आपटणारी गोष्ट आपटण्याआधी लांबच दिसली पाहिजे आणि पुढच्या चित्रात थेट टेकलेली. चार चित्रं फिरवत ठेवायची तर चौथ्यानंतर पुन्हा पहिलंच येतं; पाचव्या कागदावर पहिल्याची नक्कल काढली की प्रत्येक थापेला हात अडखळतो. भाकरी मात्र वेगळ्या कागदावर काढावी. ज्वारीच्या भाकरीच्या कडेला चिरा पडतात, त्या हाताच्याच फिरत्या चित्रांत काढल्या तर दर चार चित्रांनी भाकरी झटक्याने मागे फिरते. वेगळ्या कागदावर ती हळूहळू मोठी करता येते. व्यास दुप्पट झाला की जाडी चौथाई व्हायला हवी, एवढं सांभाळलं की पीठ कुठून वाढलं असा प्रश्न पाहणाऱ्याला पडत नाही.

रेघेबद्दल थोडंच. ढोबळ चित्र निळ्याने, पक्की रेघ एचबीने, कोपरापासून हात फिरवून, एका दमात. पेन्सिलीचं टोक दर दोन-तीन कागदांनी करावं, नाहीतर १ ची रेघ बारीक आणि १५ ची जाड होते आणि पडद्यावर चित्र श्वास घेतं. रंग भरायचा असेल तर आकार बंद हवेत. कानाच्या मागे राहिलेल्या अर्ध्या मिमीच्या फटीतून संगणकावरचा रंग सगळ्या पार्श्वभूमीत पसरतो.

चित्रं मोबाइलवर टिपताना मोबाइल वरून पक्का बांधावा आणि एक्स्पोजर लॉक करावं, नाहीतर तो दर कागदाला उजेड बदलतो. खिडकीच्या उन्हात टिपू नये. ढग आला की पाच चित्रं काळवंडतात. चाचणी पळवल्यावर काहीतरी खटकतं, पण काय ते कळत नाही, असं बहुतेक वेळा होतं. तेव्हा पेगवर एक कोरा कागद चढवावा आणि दिव्यावर नऊही चित्रांतल्या काठीच्या शेंड्याचा एकेक ठिपका त्याच्यावर उतरवून शेजारी आकडा लिहावा. ठिपके कमानीवर हवेत, अंतरं १, १, २, ४, ४, २, १, १ हवीत. जो ठिपका रांग सोडून गेला त्याचा आकडा पाहावा. आधी ७ आणि ११ तपासावेत. ९ मनासारखं जमलं की त्यांच्याकडे हात सैल सुटतो. चुकलेलं चित्र खोडून दुरुस्त करू नये, खोडलेली जागा दिव्यावर ढगाळ दिसते. नवा कागद घ्यावा, त्यावर तोच आकडा लिहावा, जुन्यावर आडवी रेघ मारून तो बाजूला ठेवावा आणि दिवा विझवून पुन्हा उलटायला लागावं: दोन्ही, काही नाही, एक.